चिचघाटचा वाटा

माहेरी पोचलो तशी वयनीनं, माझ्या भावजयीनं, अंगणातला नळ सोडला आणि म्हणाली, "या वो बाई, पाय धुवा. गार वाटंल."

मी पाय पुढं केले नाहीत, ओंजळ धरली. त्या पाण्यातून हाताच्या रेषा दिसत होत्या. आमच्या चिचघाटला विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं तर हात दिसत नसे. भांडी घासून झाल्यावर घमेल्यात उरतं तसलं करडं पाणी. मी नळाचं पाणी प्याले, पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्याले. मागं माझी जाऊ सिंधू उभी होती, आमच्या पंचायतीची मेंबर, तिनंही तेच केलं. आमचे उपसरपंच लटारी कोवे म्हातारे माणूस. त्यांनी टोपी काढली आणि सरळ डोकंच नळाखाली घातलं.

"अवो, चहा ठेवला आहे. पोटात जागा ठेवा जरा," वयनी हसली.

तिच्या हसण्याचा मला राग नाही. तिच्या घरी पाणी होतं म्हणून तिला हसता येत होतं, एवढंच.

वडसोली माझं माहेर, चिचघाट सासर. मधे एक नाला. नाल्याच्या माहेरच्या अंगाला वीज कंपनीच्या चिमण्या आणि सासरच्या अंगाला त्या चिमण्यांच्या राखेचा बंधारा. कंपनी कोळसा वडसोलीत जाळायची, राख पाण्यात कालवायची आणि पाइपानं आणून आमच्या शिवारात सोडायची. कंपनी घरपट्टी भरत नसे. त्याऐवजी वर्षाला एक ठोक रक्कम जिल्ह्याच्या तिजोरीत टाकायची आणि तिची गावागावांत वाटणी व्हायची. वाटणी कसली? ज्या गावात कंपनीची इमारत, त्या गावाला पैसा. चिमण्या वडसोलीत, यंत्रं वडसोलीत, साहेबांची कॉलनी वडसोलीत. बंधारा ही इमारत नव्हे, तो मातीचा बांध. त्यामुळं आमच्या वाट्याला राख आणि त्यांच्या वाट्याला पैसा, असा सगळा कायदेशीर कारभार चालला होता.

त्या पैशातून वडसोलीत पाण्याची टाकी झाली, मंगल कार्यालय झालं, बसथांब्याला गुळगुळीत काळा दगड लागला. माझा थोरला भाऊ वासुदेव पिदुरकर तिथला सरपंच. चिचघाटची सरपंच मी, पंचफुला उरकुडे.

त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी वाटणीची बैठक होती. अर्ज करकरून आम्हाला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. वाटा मिळाला तर नदीवरून आमची स्वतःची नळयोजना होणार होती. सरकारनं ती मंजूर केलेली, गावानं भरायचा हिस्सा नव्हता म्हणून अडलेली. वाटा मिळाला नाही तर गाव उठणार होतं. निम्म्या घरांना कुलपं लागलीच होती. आमचा रस्ता राखेच्या ट्रकांनी खाऊन टाकलेला, म्हणून जिल्ह्याला जायचं तर वडसोलीवरूनच. भावानं आदल्या दिवशी निरोप धाडला होता, घरावरून तशीच पुढं गेलीस तर बघ.

चहा घेताना मी सरळच म्हणाले, "दादा, आज तू मधी पडू नको."

"मी कशाले पडतो मधी? तू माग, साहेब देते त घे. पन चार लोकांत भावाले शिव्या देऊ नको बाप्पा."

"शिव्या खाण्यासारखं केलं त देईन."

"पाहा! लहानपणापासून जीभ अशीच." तो सिंधूकडं वळला. "काय वो सिंधूबाई, तुमच्या गावात हिले पाणी पाजता का मिरच्या?"

"पाणी कोठी आहे जी पाजाले?" सिंधू म्हणाली.

दादानं बशी खाली ठेवली आणि वयनीला डोळ्यानं खूण केली.

वयनीनं पाट मांडले. मला कुंकू लावलं, पदरात तांदूळ, नारळ, खण घातला. मग सिंधूला पाटावर बसवलं, तिचीही ओटी भरली. मग दादानं स्वतः उठून लटारीभाऊंच्या खांद्यावर नवाकोरा दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. लटारीभाऊ दुपट्ट्याचं टोक चिमटीत धरून माझ्याकडं पाहत राहिले.

"हे काहून, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"माहेर आहे मायं. रिकामं कोण जाऊ देईन?"

"तुमी घेतली म्हणून घेतो," ते म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला संकोच वाटला असेल.

दादा त्याच्या गाडीनं पुढं गेला. आम्ही जीपनं मागून. जीप नाल्याच्या कडेनं निघाली तेव्हा बंधाऱ्यावरून वारा सुटला आणि सिंधूनं पदराची ओटी छातीशी धरून वर हात आडवा धरला. तांदळावर राख पडू नये म्हणून.

सभागृहात लांब टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्यांची रांग. सिंधूनं एक बाटली उचलली, झाकण न उघडता पिशवीत टाकली. निमजे साहेब वाटणीचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. फाइल वाचून आला होता, हेच आम्हाला नवल. शेजारी कंपनीचा एक टायवाला, पलीकडं दादा आणि त्याचे चार मेंबर.

"बोला ताई," निमजे म्हणाले.

मी उभी राहिले. "साहेब, चिमणीचा पैसा वडसोलीला. मग राखेचा कोणाला?"

"राखेला कर नसतो ताई. इमारतीला असतो. त्याच्याऐवजी ही रक्कम."

"राख इमारतीतूनच निघते ना?"

"निघते. पण पडते कुठं, याचा नियमात विचार नाही."

"मग ज्यानं नियम लिहिला त्याच्या अंगणात चार ट्रक टाका. येतो का नाही विचार, पाहा."

टायवाला हसला. साहेब हसत नाहीत असं पाहून त्यानं हसू गिळलं.

निमज्यांनी चष्मा काढला. "हे पाहा, माझ्या हातात एवढंच आहे. दोन गावांत वाटणीवरून वाद असेल तर तो मला नोंदवावा लागतो. नोंदवला की यंदाची रक्कम थांबते, मी स्वतः जागेवर येतो, पाहतो, आणि वाटणी पुन्हा ठरते. त्यात बंधाऱ्याचा विचार करायला मला मुभा आहे. वाद नसेल तर जुनी वाटणी चालू. तुमचं म्हणणं काय, वाद आहे?"

"आहे."

त्यांनी पेन उचललं. एवढंच व्हायला पाहिजे होतं. त्या पेनानं दोन शब्द लिहायचे, मग साहेब आमच्या विहिरीवर येणार, वाकून पाहणार. त्या विहिरीत वाकून पाहिलेला माणूस आम्हाला नाही म्हणूच शकला नसता. माझी खात्री होती.

दादा उठला. हात जोडून, अगदी नम्रपणे.

"साहेब, वाद होता. सकाळी मिटला."

"म्हणजे?"

"आमच्या भागातली रीत आहे जी. दोन गावांचं भांडण तुटलं की एक गाव दुसऱ्याला मान देते. बायांची ओटी, बाप्यांना दुपट्टा-नारळ. मान घेतला की त्या भांडणाचं तोंड पुन्हा उघडत नाहीत. आज सकाळी माझ्या घरी चिचघाटच्या सरपंचानं, उपसरपंचानं, मेंबरानं मान घेतला. माझे चार मेंबर ओट्यावर बसून पाहत होते. विचारा लटारी कोव्यांना."

हे चार जण ओट्यावर बसून होते, ते मी पाहिलं होतं. दादाच्या घरी ओट्यावर नेहमीच कोणी ना कोणी बसलेलं असतं.

रीत खरी होती. गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरण्यापासून पोरगी पळवून नेण्यापर्यंतची भांडणं आमच्याकडं अशीच मिटत आली. पोलीस नाही, कोर्ट नाही. म्हणूनच ती रीत मोडायची कोणाची छाती होत नाही.

"कोवे, तुम्ही घेतला का मान?" साहेबांनी विचारलं.

लटारीभाऊ उठले. दुपट्टा खांद्यावरच होता. खोटं बोलले असते तर काम झालं असतं. तो माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता.

"घेतला जी."

"मग वाटणीबद्दल तुमचं म्हणणं?"

"मान घेतल्यावर बोलता येत नाही, साहेब." आणि खाली बसले.

"माहेरची ओटी होती ती!" मी ओरडले. "माहेरच्या ओटीला कोण नाही म्हणते?"

"माहेरची ओटी माहेरवाशिणीची भरतात, फुला," दादा शांतपणे म्हणाला. "सिंधूबाई काय मायी बहीण आहे? लटारी कोवे मायी बहीण आहे?"

सगळं सभागृह हसलं. टायवाला तर टेबलावर हात आपटून हसला. निमज्यांनी पेनाला टोपण लावलं, घड्याळ पाहिलं, त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. अवघड निकाल द्यायचा वाचला की साहेब लोकांचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही कधी समोरून पाहिलंय का?

ज्या भावाच्या पाठीवर बसून मी नाला ओलांडून शाळेत गेले त्यानं मला वयनीच्या हातानं कापलं होतं. आणि कापलं कशानं, तर तांदूळ आणि हळदी-कुंकवानं.

मी टेबलापाशी गेले, पदराची गाठ सोडली आणि ओटी त्या टेबलावर रिकामी केली. तांदूळ फायलीवर सांडले. नारळ घरंगळत दादापुढं गेला.

आमच्याकडं बहीण भरलेली ओटी परत करते ती एकाच वेळेला. भाऊ मेला, माहेर संपलं, असं सांगायचं असतं तेव्हा. हसणारे सगळे एकदम गप्प झाले, कारण टायवाला आणि साहेब सोडले तर ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दादाचं तोंड पांढरं पडलं. "फुले, उचल ते."

"वाद आहे साहेब. लिहा."

"फुले, पाया पडतो तुया. उचल. मी जिता आहे."

"लिहा साहेब."

सिंधू उठली आणि तिनंही पदर झटकला. लटारीभाऊंनी दुपट्टा काढला नाही. त्यांना मी कधी दोष दिला नाही. ते बोलणार नाहीत असं म्हणाले होते, ते बोलले नाहीत.

निमज्यांनी टोपण काढलं आणि लिहिलं.

आम्ही जिंकलो होतो. जीपमधे सिंधूनं पिशवीतली ती बाटली काढली आणि आम्ही तिघांनी एकेक घोट घेतला.

पण साहेब आलेच नाहीत. आधी म्हणाले पुढच्या आठवड्यात, मग निवडणुकीची आचारसंहिता लागली, मग कळलं त्यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही. नोंद फायलीत, फाइल कपाटात. इकडं यंदाची रक्कम थांबली म्हणून वडसोलीच्या लोकांनी आमचे टँकर पुलावर अडवले. दुकानदार आमच्या बायांना म्हणायचे, तुमच्या सरपंचाकडून घ्या मीठ-मिरची. ऊन चढलं. विहिरीच्या तळाला पाणी नाही, राखेचा चिखल उरला. तो फडक्यातून पिळून आम्ही पीत होतो. हे मी वाढवून सांगत नाही. फडक्यातून पिळून.

सिंधूची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिच्या बापानं सांगून पाठवलं, लेकरू घेऊन त्या गावात पोरगी धाडत नाही, पोराला पाठवा इकडं. सिंधूचा एकुलता एक पोरगा सासरी राहायला निघाला. तिनं नातू अजून पाहिला नव्हता.

अशात एका दुपारी वयनी आली. नाल्यातून पायी, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन. घागर माझ्या दारात उतरवली आणि तिथंच बसली.

"मले ओटी भराले सांगतली," ती म्हणाली. "कायची ते नाही सांगतलं, बाई."

"ठाऊक आहे."

"त्याईच्या घशाखाली भाकर उतरून नाही राहिली. चार लोकांत बहिणीनं मेला म्हणून सांगतलं. रात-दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहते." तिनं डोळे पुसले. "ते म्हणते, टाकीवरून चिचघाटले पाइप देतो. उद्या खोदाले लावतो. फक्त तुमी वाद काढून घ्या, अन चावडीवर येऊन ओटी घ्या."

"पाइप नको म्हणा. वाटा द्या."

"वाटा देणं त्याईच्या हाती आहे का? गाव जितं सोडंन का त्याईले? बहिणीले पाइप दिला त कोणी काही बोलणार नाही. बहिणीले देणं सगळ्याईले समजते."

मी वयनीला म्हणाले, गावाला विचारून सांगते. देवळापुढच्या पारावर गावच्या बाया बोलावल्या. बाप्ये फारसे उरलेच नव्हते, जे होते ते मागं उभे राहिले. मी सगळं सांगितलं. म्हणाले, अजून थोडं थांबू, नवीन साहेब येईल, वाटा मिळाला तर पाणी आपल्या हक्काचं होईल. कोणाच्या मर्जीचं नाही.

"हक्काचं पाणी गोड लागते का वो जास्त?" मागून कोणीतरी म्हणालं.

"अन वाट पाहाले तुमचं काय जाते?" दुसरी म्हणाली. "तुमाले माहेर आहे."

"होतं," मी म्हणाले.

"मंग आता ते देऊन राहिले वापस, त घ्या ना बाई!"

सिंधू उठली. ज्या बाईनं माझ्यामागं पदर झटकला होता, तीच. "बाई, मी तुमच्यासंगं उभी राहिली. पन तुमचा हक्क मले चुलीवर ठेवता येते का? त्यात डाळ शिजते का? मले माया नातू पाहाचा आहे. ओटी घ्या."

हात वर करायला सांगायची गरज पडली नाही. मी लटारीभाऊंकडं पाहिलं. ते पाराच्या कडेला बसले होते. त्यांनी मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. मला बोलता येत नाही, म्हणून.

मी गेले. वडसोलीच्या चावडीवर, साऱ्या गावासमोर, पाटावर बसले. वयनीनं ओटी भरली. दादा लहान पोरासारखा रडला. मी रडले नाही. कागदावर सही केली. चिचघाटची वाटणीबद्दल काही तक्रार नाही, वडसोली आपल्या खुशीनं पाणी देत आहे. टाळ्या वाजल्या.

दादानं शब्द पाळला. पाइप आला. पाणी स्वच्छ होतं, भरपूर होतं. कुलपं उघडली, लोक परतले. सिंधूची सून लेकरू घेऊन आली, सिंधूनं त्याला पाराशी नळाखाली धरून आंघोळ घातली आणि ते बोंबलत असताना ही हसत होती. वाईट झालं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? ठोक रक्कम तेवढी पूर्वीसारखी सगळी वडसोलीला जात राहिली. बंधारा वाढत राहिला. त्या भांडणाचं तोंड आम्ही पुन्हा उघडलं नाही. रीतच होती तशी.

पुष्कळ वर्षं गेली. दादा गेला, त्याच्या मागोमाग वयनी गेली. दादाचा मुलगा हेमराज शहरात शिकून आला आणि सरपंच झाला. पहिल्याच उन्हाळ्यात एके सकाळी आमच्या नळांना पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नाल्यापाशी जाऊन पाहिलं तर व्हॉल्व्ह बंद आणि त्यावर कुलूप.

मी त्याच्याकडं गेले. पाया पडला, खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. पोरगं संस्कारी.

"आत्या, गाव वाढलं आमचं. वरच्या आळीला पाणी चढत नाही. लोक मला विचारतात, मी काय सांगू?"

"सांग की राख चिचघाटला टाकतो, पाणी त्याच्या बदल्यातलं आहे."

"बदल्यातलं कुठं आहे?" त्याला खरंच समजलं नव्हतं. "बाबांनी बहिणीला दिलं होतं. तुम्ही स्वतःच लिहून दिलंय ना तसं? बाबांची बहीण ती माझी आत्या, तुम्हाला मी कमी पडू देणार नाही. रोज दोन कॅन घरपोच. आजपासून."

"अन गावाले?"

तो गोंधळला. मग अगदी सरळपणे, उर्मटपणा कुठं नाही, त्यानं विचारलं, "गावाशी आपलं काय नातं, आत्या?"

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी उन्हातून नाला उतरून परत निघाले, तर त्याची गाडी पुलावरून माझ्या पुढं निघून गेली.

घरी पोचले तेव्हा कॅन माझ्या ओट्यावर ठेवलेले होते. निळे, सीलबंद, बाहेरून घाम आलेले. अंगणात घागरी, बादल्या, डबे घेऊन बाया उभ्या होत्या. कोणी कॅनला हात लावला नव्हता. माझी वाट पाहत होत्या.

"पाणी आलं का वो बाई गावाले?" सिंधूनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मले आलं."